आत्या, भीम गेला!

आषाढातली नवमी होती. त्या दिवशी पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गावर पाय ठेवायला जागा नसते. भावाच्या दुकानात मी मदतीला बसले होते. वहिनी चुरमुऱ्यांचं माप भरत होती, मधेच बुक्क्याच्या पुड्या मोजून देत होती. भाऊ गल्ल्यावर होता. त्यांचा चार वर्षांचा मुलगा खाली बत्ताशांच्या पोत्याला टेकून मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. छोटा भीम धावत होता, नाणी वेचत होता आणि आमचं पोर अंगठ्यानं त्याला उड्या मारायला लावत होतं.

एकाएकी त्यानं मान वर केली. म्हणाला, "आत्या, भीम गेला."

मी फोन हातात घेतला. पडद्यावर पत्त्यांच्या कसल्याशा खेळाची जाहिरात चालली होती, नोटा उडत होत्या. कोपऱ्यात मोहरीएवढी फुली. ती दाबायला जाताना पोराचं बोट जाहिरातीवरच पडलं आणि फोन भलतीकडेच जाऊन पोचला होता. पोर चिडलं नव्हतं, काळजीत पडलं होतं. धावता धावता भीम पडला की काय, असं त्याला वाटत होतं. रात्री निवांत बघितलं तेव्हा कळलं, तो गेम भीमाच्या मूळ कंपनीचा नव्हताच. कुणीतरी भीमासारखं चित्र लावून काढलेली नक्कल होती. दुकानात गर्दी, पोर रडतंय, म्हणून घाईघाईत पहिला दिसला तो उतरवला होता.

आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी हेच होतं. म्हणून टीव्हीवरच्या कार्टूनचे गेम तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या हातात द्यायचे की नाही, द्यायचे तर कोणते आणि कसे, हे आज नीट मांडते आहे.

मूल विश्वास टाकतं ते भीमावर

छोटा भीम २००८ साली पोगो वाहिनीवर आला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचे राजीव चिलका हे त्याचे जनक. २०१२ साली 'लोटपोट' या हिंदी बालपत्रिकेतले मोटू-पतलू निक वाहिनीवर आले, २०१८ साली लिटल सिंघम आला. आज या मंडळींचे मोबाईल गेमही आहेत. भीमाचे गेम मुंबईच्या नझारा कंपनीनं काढले, लिटल सिंघमचा झपाकनं. डोरेमॉन आणि पेपा पिग यांचेही आहेत.

मुलाच्या लेखी टीव्हीवरचा भीम आणि गेममधला भीम एकच. चुटकी, राजू, जग्गू माकड ही त्याची रोजची मंडळी. ती जिथे दिसतील ती जागा आपली, असं त्याचं साधं गणित असतं. पण दोन्हींची घडण वेगळी आहे. टीव्हीवरची गोष्ट ठरलेल्या वेळेला संपते. भीमाला छळणारा कालिया फजित होतो, त्यांच्या ढोलकपूरवरचं संकट टळतं आणि मूल उठून पाणी प्यायला जातं. मोबाईलवरचे बरेचसे गेम फुकट मिळतात. त्यांची कमाई जाहिरातींवर आणि आतल्या खरेदीवर चालते. मूल जितका वेळ बसेल तितकी कमाई जास्त, म्हणून अशा गेमला शेवटच ठेवलेला नसतो.

२०१८ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेली १३५ ॲप तपासली. त्यांतल्या ९५ टक्के ॲपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात होती. कुठे खेळ मधेच तोडून व्हिडिओ लागत होता, कुठे ओळखीचं पात्रच मुलाला खरेदीकडे ओढत होतं. त्याआधी २००४ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं सांगून ठेवलं होतं, की आठ वर्षांखालच्या मुलाला जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू कळत नाही. म्हणजे भीमानं "हे घे" म्हटलं की मुलाला तो मित्राचा शब्द वाटतो.

मुलाचा हा विश्वास खोटा नाही, फार मोलाचा आहे. त्याची राखण करायचं काम आपलं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

वय किती, वेळ किती

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की एक वर्षापर्यंत पडदा नकोच, दुसऱ्या वर्षातही तो टाळावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला बसून पडदा बघण्यासाठी दिवसाला एक तासाहून जास्त वेळ देऊ नये. त्याहून कमी असेल तर बरंच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, २०२१ साली असाच हिशेब दिला. दोन वर्षांखाली पडदा नाही, फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांत फार तर एक तास. पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत.

हा तास टीव्ही आणि मोबाईल मिळून आहे, हे आपण विसरतो. सकाळी दूध पिताना अर्धा तास कार्टून झालं असेल तर गेमला उरतो अर्धाच तास. माझं सांगणं इतकंच, की तीन वर्षांपर्यंत गेम देऊच नका. त्या वयात बोटं माती, पीठ आणि डबे यांच्यावर चालू द्या. पुढे पंधरा ते वीस मिनिटं पुरेत. जेवताना आणि झोपायच्या आधीचा तासभर मात्र कुठलाच पडदा नको.

गेम कसला आहे ते ओळखा

नुसतं चित्र बघून गेम निवडू नका. आत काय करायला लावतो ते बघा. कार्टूनच्या गेमचे ढोबळ चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार पळण्याचा. भीम किंवा लिटल सिंघम धावतो, मूल त्याला डावीउजवीकडे वळवतं. वेग वाढत जातो आणि शेवट आपटण्यातच होतो. जिंकून थांबायची सोय त्यात नसते. चार वर्षांच्या मुलाला हे सोसत नाही. सतत हरतं, म्हणून सतत "अजून एकदा" म्हणतं. हा प्रकार सहा-सात वर्षांनंतर, मोजून द्यावा.

दुसरा शर्यतीचा आणि मारामारीचा. यात वेगाबरोबर आवाजही फार असतो. लहान मूल खेळून उठल्यावर अंगात तोच वेग घेऊन फिरतं, धाकट्या बहिणीला ढकलतं. पाच वर्षांखाली तो नकोच.

तिसरा प्रकार रंग भरण्याचा, जोड्या लावण्याचा, चित्रांचे तुकडे जुळवण्याचा. एक चित्र पुरं झालं की खेळ थांबतो. मूल श्वास घेतं, आपल्याकडे बघतं, "बघ आई" म्हणतं. लहानांसाठी हा सगळ्यात चांगला.

चौथा लुटुपुटुचा. लाडू वळायचे, बाहुलीला अंघोळ घालायची, दुकान मांडायचं. घाई नसेल तर हाही छान. मूल त्यात बोलतं, गोष्ट रचतं. मात्र दर दोन मिनिटांनी नवा फ्रॉक किंवा नवं भांडं विकत घ्या म्हणणारा गेम काढून टाका.

चांगल्या गेमची माझी एक साधी खूण आहे. तो मुलासाठी थांबतो. अमेरिकेत १९९६ साली 'ब्लूज क्लूज' नावाचा लहानांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातला दादा प्रश्न विचारायचा आणि मूल उत्तर देईपर्यंत गप्प राहायचा. एकच भाग आठवडाभर पुन्हा पुन्हा दाखवत, कारण लहान मुलाला तेच ते बघण्यातून समजत जातं. गेममध्येही हे शोधा. मुलानं दोन मिनिटं बोट लावलं नाही तर गेम वाट बघतो की घंटा वाजवून बोलावतो? वाट बघणारा ठेवा.

आधी दहा मिनिटं तुम्ही खेळा

भाजी घेताना आपण गवार मोडून बघतो, टोमॅटो दाबून बघतो. गेमलाही दहा मिनिटं द्या. मूल झोपल्यावर द्या, कारण त्याच्यासमोर उघडलात तर "नको" म्हणायची सोय राहत नाही.

खेळायच्या आधी तो कुणी काढला ते वाचा. प्ले स्टोअरमध्ये गेमच्या नावाखाली कंपनीचं नाव असतं. मालिका ज्यांची आहे त्यांचं किंवा त्यांनी परवानगी दिलेल्या कंपनीचं नाव हवं. नाव अनोळखी आणि चित्र जरा ओबडधोबड असेल तर सोडून द्या. तिथेच जाहिराती आहेत का, आतमध्ये खरेदी आहे का, हेही लिहिलेलं असतं. तीन वर्षांपुढील मुलांसाठी, असा शिक्का बघून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ आत काही भीतिदायक किंवा अश्लील नाही, एवढाच. तीन वर्षांच्या मुलाला तो जमेल किंवा त्याच्या भल्याचा असेल, असं तो शिक्का सांगत नाही.

मग खेळा आणि चार गोष्टी बघा. पहिली जाहिरात किती वेळानं आली? ती बंद करायची फुली मुलाच्या बोटाला सापडेल का? हरल्यावर गेम काय म्हणतो? आणि थांबताना पात्र रडतं का, "उद्या आलास तर बक्षीस" असं आमिष दाखवतं का? चारातल्या दोन गोष्टी खटकल्या तरी गेम काढून टाका.

गेमनं मुलाचं नाव, फोटो, माईक किंवा फोनमधले नंबर मागितले तर देऊ नका. लाडू वळायच्या खेळाला तुमच्या फोनमधल्या नंबरांशी काय करायचंय? आपल्या देशाच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. त्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी, असं तो सांगतो आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला त्यात मनाई केली आहे. कायदा आपल्या बाजूनं आहे, पण परवानगीचं बटण आपल्याच बोटाखाली असतं.

जाहिराती आणि खरेदी यांच्याशिवाय असे गेम करता येतच नाहीत, असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीच्या मुलांच्या गेममध्ये दोन्ही नसतात. तिकडे असलेल्या आपल्या भावंडांनी तेच आधी बघावेत. इथे आपल्याला थोडे पैसे एकदाच भरून जाहिराती काढता येत असतील, तर तो खर्च मला वायफळ वाटत नाही. चार खेळणी कमी घ्या, पण मुलाचा खेळ सलग राहू द्या.

फोन आधी बांधून घ्या

पंढरपुरात दुकानदाराच्या घरी आणखी एक धोका आहे. गिऱ्हाइकांचे पैसे ज्या नंबरावर येतात, तोच फोन पोराच्या हातात असतो. यूपीआयचं खोकं वाजतं, पैसे जमा झाल्याचं सांगतं. पण फोनमधून गेले किती, हे त्या गर्दीत कुणी बघत नाही.

म्हणून हे एकदा बसून करा.

प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर बोट ठेवा आणि सेटिंग्जमध्ये जा. प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायचा, असं तिथे ठरवता येतं. पॅरेंटल कंट्रोलही तिथेच सुरू करता येतो. फोनच्या आवृत्तीप्रमाणे नावं थोडी वेगळी दिसतील, पण सोय असते.

पैशांच्या ॲपना वेगळं कुलूप लावा. यूपीआय लाइटमध्ये लहान रकमेला पिन लागत नाही, हे लक्षात ठेवा. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनमध्ये ते बंद ठेवलेलं बरं.

गेम सुरू करून फोन विमान मोडवर टाका. बरेच गेम इंटरनेटशिवाय चालतात आणि इंटरनेट नसलं की नवी जाहिरात येऊ शकत नाही. माझ्या अनुभवात एवढ्या एका युक्तीनं निम्मी कटकट मिटते. पण दुकानाच्या वेळात हे जमत नाही, कारण फोन बंद म्हणजे धंदा बंद. त्यापेक्षा घरातला जुना, सिम नसलेला फोन मुलासाठी ठेवा.

अँड्रॉइड फोनमध्ये एकच ॲप पडद्यावर पिन करून ठेवायची सोय आहे, आयफोनमध्ये गायडेड ॲक्सेस आहे. ती लावली की मूल गेममधून निघून भलतीकडे जात नाही.

इतकं करूनही पैसे गेलेच तर पोरावर ओरडू नका. त्याला खरी नाणी आणि गेममधली नाणी यांतला फरक कळत नाही. २०१४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ॲपलला, मुलांनी पालकांना न विचारता केलेल्या खरेदीपोटी किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायला लावले. म्हणजे जगभरच्या पोरांनी हे केलेलं आहे. प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करा, उशीर लावू नका. कुणी लिंक पाठवून किंवा फसवून पैसे काढले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

थांबवायचं कसं

"पाच मिनिटं झाली, दे आता" याला लहान मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. त्याला पाच मिनिटं दिसत नाहीत. त्याला दिसतं चित्र, डाव, लेव्हल. म्हणून खेळाच्या भाषेत सांगा. "हे माकड रंगवून झालं की फोन माझ्याकडे." "तीन डाव. मोज." बोटांवर मोजायला लावा, म्हणजे शेवट त्याचा त्याला येताना दिसतो.

फोन हिसकावून घेऊ नका. शेवटचा डाव त्याच्याजवळ बसून बघा, मग विचारा, "आज भीमानं काय केलं?" गोष्ट सांगता सांगता पोर पडद्याबाहेर येतं. नंतर लगेच हाताला काहीतरी द्या. शेंगा सोलायला, वाती वळायला, झाडाला पाणी घालायला. पहिले चार दिवस आकांत होईल. घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळला तर आठवड्यात तो ओसरतो. आईनं घेतलेला फोन आजोबांनी दिला, की मात्र सगळं मुसळ केरात.

पडद्यातला भीम अंगणात आणा

आपली मुलं ही कार्टून बहुतेक हिंदीत बघतात. मग "मम्मी, मुझे बचाओ" असं घरातही सुरू होतं. गेमचा आवाज बंद करा आणि तुम्ही मराठीत सांगा. "आला बघ कालिया, मार उडी!" मूल दुप्पट रमतं आणि शब्द आपले राहतात.

गेमचा खरा उपयोग फोन ठेवल्यावर सुरू होतो. लाडू खाल्ला की भीम बलवान होतो. आपल्या विठ्ठलाच्या देवळात लाडवाचा प्रसाद मिळतो. माझ्या भाच्यानं तो एकदा खाल्ला आणि दंड काढून मला दाखवला. मी त्याला तांदळाची पाच किलोची पिशवी ढकलायला सांगितली. ढकलली. त्या संध्याकाळी त्यानं मोबाईल मागितला नाही. गेममध्ये जे आवडतं ते बाहेर करून द्या. पळायचं असेल तर चंद्रभागेच्या वाळवंटात, पाणी उतरलेलं बघून, मोठ्यांच्या हाताशी. नाणी वेचायची असतील तर चिंचोके. अडथळे हवे असतील तर घरातल्या उशा.

आपल्या गावाला हे नवीन नाही. वारीत वाखरीजवळ बाजीराव विहिरीपाशी रिंगणात घोडा धावतो तेव्हा म्हातारेकोतारे लहान होतात. फुगड्या रंगतात. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, तोही कृष्ण आणि त्याच्या सवंगड्यांचा खेळच. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, हुतुतू, विटीदांडू, टिपरी या खेळांवर अभंग आहेत. सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव खेळात आणायचं आणि त्या नावानं सगळ्यांना एकत्र जमवायचं, ही रीत या वाळवंटाला शेकडो वर्षं ठाऊक आहे. फक्त तिथे कुणी एकटं बसून खेळत नाही. मुलाच्या मोबाईलमधल्या भीमाला आपण हेच द्यायचंय. सोबत.

यात्रेच्या दिवसांत

चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. या चार यात्रांत आपल्या घरांना उसंत नसते. खोल्या वारकऱ्यांना दिलेल्या, चूल दिवसभर पेटलेली, दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं. त्या दिवसांत कुणी आईनं पोराला फोन दिला तर मी तिला बोल लावणार नाही. पण तयारी आधी करता येते.

यात्रेच्या आठवडाभर आधी दोन गेम निवडून, तपासून जुन्या फोनमध्ये ठेवा. दोनच. दुकानात पोराच्या जागेपाशी एक डबा ठेवा. त्यात खडू, कागद, रिकाम्या पुड्या, दुकानातला छोटा टाळ. शेजारच्या दुकानातली पोरं आणि आपली पोरं मिळून पाळीपाळीनं एका आजीकडे बसवा. पोराला खरंच एखादं काम द्या. चार वर्षांचं मूल बुक्क्याच्या पुड्या दहा-दहाच्या गठ्ठ्यात लावू शकतं आणि त्याला त्याचा अभिमान वाटतो.

आमच्याकडे पुढच्या कार्तिकीला असंच केलं. नक्कल काढून टाकली, रंगवायचा एक गेम ठेवला, फोन विमान मोडवर. दुपारी त्यानं जग्गू माकड रंगवलं. ते पुरं झाल्यावर फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि पुड्या मोजायला बसला. आठवर गाडी अडली. नऊ कुठला ते विचारायला तो माझ्याकडे आला.